जुन्या मारुती ८००चे इंडिकेटर आणि वायरिंग : आधी मोजा, मग पार्ट बदला

इंडिकेटर बंद पडला की पहिला सल्ला ठरलेला असतो : फ्लॅशर, म्हणजे इंडिकेटरला टक-टक उघडझाप करायला लावणारी डबी, बदला. त्याने भागलं नाही की कॉम्बिनेशन स्विच (स्टिअरिंगजवळच्या इंडिकेटरच्या दांड्याचा), तरीही नाही तर 'वायरिंगच नवीन टाकू या'. पैसे जातात आणि पहिल्या पावसात तेच दुखणं परत येतं. जुन्या गाडीत पार्ट मरतो कमी, जोड खराब होतो जास्त. गंजलेला अर्थ (वीज परत नेणारा, बॉडीला आवळलेला जोड), हिरवट पडलेला होल्डर, ढिली झालेली थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी), कुणीतरी पीळ देऊन टेप गुंडाळलेली वायर, बहुतेक दोष यातच सापडतात. ते शोधायला गॅरेज लागत नाही. एक साधा मल्टिमीटर, दुपारचे दोन-तीन तास आणि ठरलेल्या क्रमाने जायची तयारी एवढं पुरतं.

इथे मारुती ८०० समोर धरली आहे. डिसेंबर १९८३मध्ये ही गाडी रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४मध्ये तिचं उत्पादन थांबलं. म्हणजे शेवटची ८००सुद्धा आता जुनीच आहे, आणि पंधरा वर्षं उलटलेल्या प्रत्येक गाडीला पुनर्नोंदणीसाठी तपासणी द्यावी लागते. तिथे इंडिकेटर आणि ब्रेक लाईट चालू असायलाच हवेत. पण पद्धत पद्मिनी, अँबेसिडर, झेन, ओम्नी कुठल्याही १२ व्होल्टच्या गाडीला लागू पडते.

हाताशी काय हवं

साधा डिजिटल मल्टिमीटर, तीन-चारशे रुपयांचा चालतो. बारा व्होल्टच्या बल्बला दोन लांब वायरी लावून केलेला टेस्ट लॅम्प. दोन टोकांना क्लिप आणि मध्ये १० अँपिअरचा फ्यूज असलेली एक जंपर वायर. १० नंबरचा पाना, स्टार स्क्रूड्रायव्हर, बारीक पॉलिश पेपर, जुना टूथब्रश, कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे, पेट्रोलियम जेली. बल्ब बदलायचा तर २१ वॅटचे दोन आणि २१/५ वॅटचा (ब्रेक-टेलचा, दोन तारांचा) एक जवळ ठेवा.

काम सुरू करण्यापूर्वी हातातलं कडं, अंगठी, घड्याळ काढून ठेवा. बॅटरी सोडवायची असेल तर आधी निगेटिव्ह काढा आणि जोडताना निगेटिव्ह शेवटी जोडा. उलट केलंत आणि पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला टेकला, तर पाना लाल होतो आणि हात भाजतो.

एक सवय मात्र कायमची सोडा. 'डायनॅमो चार्ज करतोय का' हे बघायला इंजिन चालू ठेवून बॅटरीचं टर्मिनल काढतात. त्या क्षणी व्होल्टेज उसळी घेतं, ऑल्टरनेटरचे डायोड उडू शकतात आणि एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनच्या) गाडीत ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटरसुद्धा जाऊ शकतो. हीच गोष्ट मीटरने दहा सेकंदांत कळते, ती पुढे येईल.

आधी बॅटरी, मग बाकी

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर मीटर लावा. १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे कामचलाऊ, १२च्या खाली म्हणजे आधी चार्ज करा. अर्धमेल्या बॅटरीवर इंडिकेटरचा दोष शोधायला बसलात तर प्रत्येक आकडा तुम्हाला फसवेल.

लक्षण नीट बघा

किल्ली ऑन करा, इंजिन बंदच राहू द्या. डावा, उजवा, मग हॅझार्ड (चारही इंडिकेटर एकदम), असे तिन्ही लावून गाडीभोवती एक फेरी मारा. काय दिसतं त्यावर पुढची दिशा ठरते.

एकाच बाजूचा एखादा दिवा लागत नसेल आणि डॅशवरचा हिरवा बाण भरभर लुकलुकत असेल, तर फ्लॅशर ठीक आहे. उलट तोच तुम्हाला सांगतोय की त्या बाजूला बल्ब कमी पडतोय. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर विजेचा भार मोजतो आणि तो कमी झाला की वेग वाढवतो. जुना, आतली धातूची पट्टी तापून उघडझाप करणारा फ्लॅशर असेल तर नेमकं उलटं होतं : बल्ब गेला की तो मंदावतो किंवा दिवा लागून तसाच राहतो. व्यवस्थित चालणारा इंडिकेटर मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकतो.

दोन्ही बाजू बंद, पण हॅझार्ड चालू : बल्ब, होल्डर, अर्थ सगळं ठीक. फ्लॅशरही बहुधा ठीक. दोष फ्यूज, हॅझार्ड स्विच किंवा कॉम्बिनेशन स्विचमध्ये शोधा.

हॅझार्डही बंद : फ्लॅशर किंवा त्याच्यापर्यंत येणारा पुरवठा.

इंडिकेटर लावला की मागचा टेल लाईटही मंद लुकलुकतो, किंवा ब्रेक दाबला की इंडिकेटरमध्ये किंचित उजेड दिसतो : शंभरातल्या नव्वद वेळा अर्थ गेलेला असतो. गोंधळून बल्बवर बल्ब बदलू नका, सरळ अर्थच्या भागाकडे जा.

बल्ब आणि होल्डर

मागच्या दिव्याच्या काचेचे स्क्रू काढून काच बाजूला घ्या. कोकणात किंवा मुंबईत राहिलेल्या गाडीत आत काय दिसेल हे ठरलेलंच : काचेच्या खालच्या कडेला पाण्याची वाळलेली रेघ, गॅस्केट चिवट आणि चपटं झालेलं, आणि होल्डरच्या पितळेवर हिरवी-पांढरी पूड. बल्ब आत ढकलून फिरवला तरी निघत नाही, कारण टोपी गंजून बसलेली असते. जोर लावलात तर काच हातात येते आणि टोपी होल्डरमध्ये राहते. म्हणून आधी कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून पाच मिनिटं थांबा, मग फडक्यात धरून हलक्या हाताने फिरवा.

बल्ब बाहेर आला की तळाकडे बघा. तिथला शिशाचा ठिपका गोल आणि चमकदार हवा. तो चपटा, करडा, मध्ये खड्डा पडलेला असेल तर बल्ब जिवंत असूनही नीट लागणार नाही. तात्पुरता घासून चालतो, पण वीस-तीस रुपयांचा बल्ब बदललेलाच बरा. होल्डरच्या तळाशी स्प्रिंगवर बसलेला कॉन्टॅक्ट बोटाने दाबून बघा, तो उसळून वर यायला हवा. नाही आला तर स्प्रिंग गंजली आहे, आणि गाडी खड्ड्यातून गेली की दिवा लागणार-विझणार. टूथब्रश, क्लीनर, पॉलिश पेपरची बारीक पट्टी, आणि शेवटी पेट्रोलियम जेलीचा पातळ हात. जाड थापू नका, धूळ बसते.

बल्ब लावताना पिना बघा. एका तारेच्या २१ वॅटच्या बल्बच्या दोन्ही पिना एकाच उंचीवर असतात. ब्रेक-टेलच्या २१/५ वॅटच्या बल्बच्या एक वर, एक खाली, जेणेकरून तो उलटा बसू नये. जुन्या, सैल होल्डरमध्ये तो जबरदस्तीने उलटा बसवलेला मी अनेकदा पाहिला आहे. मग ब्रेक दाबला की टेल लाईट, आणि दिवे लावले की मागे ब्रेक लागल्यासारखा भगभगीत उजेड. मागच्या ड्रायव्हरसाठी हे घातक आहे.

अर्थ : इथे वेळ द्या

गाडीत बॅटरीकडून दिव्याकडे जायला वायर असते, परतीचा रस्ता मात्र गाडीची बॉडीच असते. दिव्यापासून एक छोटी वायर, मारुतीत बहुधा काळी, पत्र्यावर एका स्क्रूने आवळलेली असते. बॅटरीच्या निगेटिव्हपासून एक जाड केबल बॉडीला आणि गिअरबॉक्सला जाते. पत्रा गंजला, रंग आडवा आला, स्क्रू ढिला झाला की परतीचा रस्ता अरुंद होतो. वीज मग शेजारच्या बल्बच्या तारेतून उलटी फिरून दुसरा रस्ता शोधते. इंडिकेटरबरोबर टेल लाईट लुकलुकतो तो यामुळेच.

आता मोजायचं कसं, कारण नवशिके नेमके इथेच फसतात. बल्ब काढून होल्डरमध्ये मीटर टेकवला तर १२.४ व्होल्ट दिसतात. 'पुरवठा बरोबर आहे' असं वाटतं, बल्ब लावला की दिवा मंद. याचं कारण असं की मीटर स्वतः जवळजवळ वीज ओढतच नाही. एका धाग्यावर टिकलेली वायरसुद्धा त्याला पूर्ण व्होल्टेज दाखवते. २१ वॅटचा बल्ब मात्र पावणेदोन अँपिअर मागतो, आणि ते त्या एका धाग्यातून जात नाहीत. म्हणून मोजमाप नेहमी दिवा लागलेला असताना करायचं. टेस्ट लॅम्पचा उपयोगही हाच : तो खरा भार टाकतो. फक्त एमपीएफआय गाडीत ईसीएमच्या वायरींना टेस्ट लॅम्प लावू नका.

लुकलुकणाऱ्या दिव्यावर मीटरचा आकडा स्थिर राहत नाही. त्याला युक्ती आहे. फ्लॅशर त्याच्या सॉकेटमधून काढा आणि सॉकेटमधल्या बी आणि एल या दोन टोकांना फ्यूज असलेल्या जंपर वायरने जोडा. काही फ्लॅशरवर त्याच टोकांना ४९ आणि ४९ए असे आकडे असतात. तिसरं टोक ई किंवा ३१ असेल तर ते अर्थचं, त्याला हात लावू नका. आता ज्या बाजूचा दांडा टाकाल त्या बाजूचे दिवे न लुकलुकता लागून राहतील आणि शांतपणे मोजता येईल.

मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. काळी सुई बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, त्यासाठी लांब वायर लागेल. लाल सुई जळत्या बल्बच्या पितळी टोपीवर. ०.२ व्होल्टपेक्षा कमी आला तर अर्थ उत्तम. समजा ३.१ आला : बॅटरी १२.४ देतेय, त्यातले ३.१ परतीच्या रस्त्यावर वाया जातायत, ०.४ जाण्याच्या वायरीत, आणि बल्बला मिळतायत फक्त ८.९. दिवा मंद का, हे तीन आकड्यांत समोर आलं, आणि अजून एकही पार्ट विकत घेतलेला नाही.

आता लाल सुई एक-एक टप्पा पुढे न्या : टोपी, होल्डरचं पत्र्याचं अंग, अर्थच्या वायरीची थिंबल, स्क्रूचं डोकं, शेजारचा उघडा पत्रा. ज्या दोन जागांमध्ये आकडा एकदम पडतो, तिथेच दोष. तो स्क्रू काढा, थिंबल आणि पत्रा दोन्ही चमकेपर्यंत घासा, खाली दातेरी वॉशर टाकून घट्ट आवळा, वरून जेली किंवा ग्रीस लावा. पत्रा पापुद्रे सुटण्याइतका गेला असेल तर तिथेच झगडू नका. दुसरी निरोगी जागा शोधून नवीन वायर तिथे न्या.

याच कुटुंबातलं आणखी एक लक्षण सांगतो, कारण ते भल्याभल्यांना चकवतं. सेल्फ मारताना इंजिन जड फिरतं आणि ॲक्सिलरेटर किंवा चोकची केबल गरम होते. याचा अर्थ गिअरबॉक्सची जाड अर्थ केबल सुटली किंवा सडली आहे आणि सेल्फची शेकडो अँपिअर वीज त्या बिचाऱ्या केबलमधून परत जातेय. नवीन बॅटरी घेऊन हे बरं होत नाही. अर्थ केबल काही शे रुपयांची असते.

दोन्ही बाजू बंद असतील तर

आधी फ्यूज. फ्यूज बॉक्स डॅशबोर्डखाली असतो, झाकणावर नकाशा असतो. नुसतं बघून समाधान मानू नका. पट्टीच्या फ्यूजच्या पाठीवर दोन बारीक उघडे ठिपके असतात, किल्ली ऑन करून दोन्हींवर टेस्ट लॅम्प टेकवा. दोन्हीकडे लागला तर फ्यूज चांगला, एकीकडेच लागला तर उडालेला, कुठेच नाही तर पुरवठाच येत नाही. अनेक गाड्यांत इंडिकेटरबरोबर रिव्हर्स लाईट किंवा वायपर त्याच फ्यूजवर असतो, तेही बंद आहेत का बघा. पद्मिनीसारख्या गाडीत निमुळते फ्यूज असतात, धातूची पट्टी बाहेरून असलेले. तिथे टोकं आणि चिमटे काळे पडतात, फ्यूज शाबूत असूनही वीज जात नाही. जागच्या जागी गोल फिरवून बघा.

फ्यूज उडाला असेल तर तितक्याच अँपिअरचा लावा. पट्टीच्या फ्यूजमध्ये लाल १०चा, निळा १५चा, पिवळा २०चा, हिरवा ३०चा. १५च्या जागी ३०चा लावणं किंवा चांदीचा कागद गुंडाळणं म्हणजे वायरलाच फ्यूज करणं. डॅशबोर्डमागे वायर पेटली तर गाडी वाचत नाही. नवा फ्यूज लगेच उडाला तर कुठेतरी वायर घासून पत्र्याला लागली आहे. दाराच्या बिजागरीजवळ, मागच्या डिकीच्या दाराच्या रबरी नळीत आणि स्टिअरिंग कॉलमखाली आधी शोधा. उभ्या गाडीत उंदरांनी कुरतडलेली वायरही याच खात्यातली.

फ्यूज ठीक असेल तर हॅझार्ड स्विच. अनेकांना हे माहीत नसतं, पण या काळातल्या बहुतेक जपानी घडणीच्या गाड्यांत साध्या इंडिकेटरची वीजही हॅझार्ड स्विचमधून जाते. तो वर्षानुवर्षं कुणी दाबत नाही, आतले कॉन्टॅक्ट काळे पडतात आणि हॅझार्ड 'बंद' असताना जो रस्ता जोडलेला असायला हवा तोच तुटतो. पंधरा-वीस वेळा तो चालू-बंद करा. इंडिकेटर जिवंत झाले तर रोग सापडला. स्विच काढून आत क्लीनर मारा, तरीही पुन्हा तसंच झालं तर बदला.

मग फ्लॅशर. तो टक-टक आवाज जिथून येतो तिथे असतो. चालत असेल तेव्हा बोट लावून डॅशखाली चाचपलं की हाताला ठोका लागतो. सॉकेटच्या बी टोकावर, किल्ली ऑन असताना, टेस्ट लॅम्प लागायला हवा. लागत नसेल तर मागे, हॅझार्ड स्विच आणि फ्यूजकडे जा. लागत असेल तर वर सांगितलेला जंपर जोडा. दिवे स्थिर लागले तर फ्लॅशर मेला आहे, आणि आता तो खुशाल बदला. जंपरनेही एकही बाजू लागली नाही तर संशय कॉम्बिनेशन स्विचवर.

कॉम्बिनेशन स्विचमधला दोष बहुधा असा दिसतो : दांडा थोडा वर उचलून धरला तरच डावा लागतो, सोडला की जातो. आतलं ग्रीस वाळून दगड झालेलं असतं. क्लीनरने बऱ्याचदा काम भागतं. स्टिअरिंग सरळ केल्यावर दांडा आपोआप परत येत नसेल तर तो आतल्या प्लास्टिकच्या दातांचा दोष आहे, विजेचा नाही.

एलईडी बल्बचा मोह

साध्या होल्डरमध्ये एलईडी इंडिकेटर बल्ब लावला की भार कमी होतो आणि फ्लॅशर बल्ब उडाल्यासारखा भरभर लुकलुकतो. त्यावर ६ ओहमचा रेझिस्टर जोडून देतात. दिवा लागलेला असताना हा रेझिस्टर वीस-पंचवीस वॅट उष्णता ओकतो, आणि बऱ्याचदा प्लास्टिकला किंवा वायरीच्या जुडग्याला बांधलेला असतो. मला हा प्रकार अजिबात मान्य नाही. एलईडी हवाच असेल तर एलईडीसाठीचा फ्लॅशर घ्या. नाहीतर साधा २१ वॅटचा पिवळा दिवा उन्हातही दिसतो आणि त्याची काचही त्याच्यासाठीच घडवलेली असते. हेडलाईटला १००/९० वॅटचे बल्ब लावू नका. मूळ ६०/५५साठी असलेली वायर आणि स्विच त्याने वितळतात.

चार्जिंग आणि रात्रीत उतरणारी बॅटरी

इंजिन चालू, बॅटरीवर मीटर : १३.८ ते १४.५ व्होल्ट हवे. हेडलाईट लावूनही १३.५च्या खाली जाऊ नये. १२.३ दिसून हळूहळू उतरत असेल तर चार्जिंग नाही. आधी बेल्ट बघा, मग डॅशवरचा बॅटरीचा लाल दिवा. किल्ली ऑन करताच तो लागायला हवा. अनेक जुन्या ऑल्टरनेटरना जागं करणारी वीज त्याच बल्बमधून जाते, त्यामुळे तो छोटा बल्ब उडाला तरी चार्जिंग थांबू शकतं. १५च्या वर आकडा गेला तर रेग्युलेटर गेला, गाडी चालवू नका.

दोन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते अशी तक्रार असेल तर किल्ली काढून, दारं बंद करून, निगेटिव्ह टर्मिनल आणि केबल यांच्यामध्ये मीटर १० अँपिअरच्या खाचेत जोडा. त्या अवस्थेत सेल्फ मारू नका, मीटर जळेल. कार्ब्युरेटर गाडीत ५० मिलिअँपिअरच्या बरंच खाली यायला हवं. १०० आले तर दिवसाला जवळपास अडीच अँपिअर-तास जातात, म्हणजे ३५ अँपिअर-तासांची बॅटरी पंधरवड्यात रिकामी. मग एक-एक फ्यूज उपसत जा. ज्याने आकडा पडतो त्या वाटेवर गुन्हेगार. बाहेरून बसवलेला स्टिरिओ, सेंट्रल लॉक आणि अलार्म आधी तपासा, बहुधा तिथेच सापडतो.

जोड द्यायचा तर असा

नुसता पीळ आणि टेप नको. उन्हात टेपचा डिंक वितळतो, आत पाणी शिरतं आणि तांबं काळं पडतं. वायर सोलल्यावर तांबं लालसर चमकत नसेल तर चमक दिसेपर्यंत मागे कापत जा. तितक्याच जाडीची वायर घ्या. आधी हीट-श्रिंक (तापवली की आवळणारी) नळी ओवा, मग सोल्डर किंवा क्रिंप (धातूची नळी दाबून केलेला जोड), मग नळी सरकवून तापवा. वायर हालणाऱ्या जागी असेल तर क्रिंपच चांगला, सोल्डरच्या कडेला ती मोडते. वायरमध्ये वीज आहे का बघायला सुई टोचू नका. त्या भोकातून पुढच्या पावसात गंज सुरू होतो.

वायरी वितळून एकमेकींना चिकटल्या असतील, फ्यूज लावताच उडत असेल आणि जागा सापडत नसेल, किंवा इग्निशन स्विच गरम होत असेल, तर निगेटिव्ह काढून ठेवा आणि वायरमन बोलवा. त्याला 'इंडिकेटर बंद आहे' एवढंच सांगू नका. कुठे किती व्होल्ट मिळाले, जंपरने काय झालं, हे कागदावर लिहून द्या. त्याचा अर्धा वेळ वाचतो आणि तुमचे न लागणारे पार्टही.